अनुदानातला ‘अनु’

प्रश्न असा आहे: ‘कांद्याच्या हमीभावाचे अनुदान’ ही शब्दरचना बरोबर आहे का, आणि सबसिडीला अनुदान म्हणावे की अर्थसहाय्य?

पहिले साफ चूक आहे, आणि हल्ली ते रोज कानावर आदळते. कांद्याला हमीभाव नाहीच. केंद्र सरकार ज्या 22 पिकांची किमान आधारभूत किंमत, म्हणजेच हमीभाव, जाहीर करते, त्यांत कांदा बसत नाही. राज्याने 2023 मध्ये दिले ते निव्वळ अनुदान. 1 फेब्रुवारी ते 31 मार्चदरम्यान बाजार समितीत विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये, शेतकऱ्यामागे 200 क्विंटलपर्यंत. म्हणजे 240 क्विंटल विकले तरी हाती 70,000च.

फरक बघायचा तर आडत्याची, म्हणजे बाजार समितीतल्या दलालाची, विक्रीची पट्टी समोर धरा. वजन, दर, खाली हमाली-तोलाई, शेवटी निव्वळ रक्कम. भाव म्हणजे त्या दराच्या रकान्यातला आकडा. अनुदान पट्टीवर कुठेच नसते. ते मागून बँकेत येते, तेही पट्टी, सातबारा आणि पासबुक जोडून अर्ज केल्यावर. 2023 मध्ये सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नसली की अर्ज अडायचा. सातबारा वडिलांचा आणि पट्टी मुलाच्या नावाची निघाली की शपथपत्र आणावे लागायचे.

हे ‘मागून’ शब्दातच आहे! अनुज म्हणजे मागून जन्मलेला, अनुचर म्हणजे मागून चालणारा, अनुदान म्हणजे मागून दिलेले. ‘अनुकूल दान ते अनुदान’ असे ठासून सांगणाऱ्यांनी आधी ‘अनुकूल’ फोडून पाहावा. कूल म्हणजे काठ. काठाच्या मागोमाग जाणारे ते अनुकूल. तिथेही हाच ‘अनु’ आहे.

आणि सबसिडी? लॅटिनमध्ये सबसिडियम म्हणजे मागच्या फळीत बसवून ठेवलेली राखीव फौज. पुढची फळी डळमळली की ती उठायची. यातला ‘सब’ आणि आपला ‘उप’ एका मुळाचे. ‘सिड’ हा बसण्याचा धातू, म्हणजे संस्कृतातला सद्. उप, नि आणि सद् मिळून उपनिषद्, गुरूजवळ खाली बसणे. सबसिडी आणि उपनिषद एका कुळातले शब्द आहेत. एक रणात मागे बसले, एक गुरूपाशी.

‘दान’ शब्दाने शेतकरी याचक ठरतो, म्हणून अनुदान शब्दच टाका, असे म्हणणारे विद्वान आहेत. त्यांचे मला मुळीच पटत नाही. मग मतदान करणारा उमेदवाराला भीक घालतो का? दा धातूत फक्त देणे आहे, उपकार नाही. इंग्लंडात तर सबसिडी म्हणजे पार्लमेंटने राजाला मंजूर केलेला कर होता. द्यायची प्रजा, घ्यायचा राजा.

राहिले अर्थसहाय्य. 2023च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी 5,000 रुपये, 2 हेक्टरपर्यंत, आणि 0.2 हेक्टरखाली सरसकट 1,000 दिले गेले. त्याला पट्टी लागत नव्हती, ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइल अ‍ॅपवरच्या पीकनोंदीत, असलेले क्षेत्र पुरे होते. विक्रीच्या मागून येण्याचा प्रश्नच नाही, म्हणून तिथे हा शब्द शोभतो. फक्त तो ‘अर्थसाहाय्य’ असा लिहा. सहाय म्हणजे मदत करणारा, साहाय्य म्हणजे मदत; ‘सहाय्य’ यांपैकी काहीच नाही, शासन निर्णयात छापले असले तरी.