सीट बेल्टने बांधलेली चाइल्ड सीट हलते, म्हणजे चुकलंय का?

तुमच्या गाडीत आयसोफिक्स (चाइल्ड सीट थेट अडकवायच्या कड्या) नाही, बेल्टने बांधलेली पाठमोरी, म्हणजे बाळाचं तोंड मागे असलेली सीट वरून धरली की डुगडुगते, आणि घरचे म्हणतात त्यापेक्षा बाळाला मांडीवर घ्या. आधी मांडीचं सांगते. नाही. अजिबात नाही.

हा वाद आमच्याकडे तीन वर्षं चाललाय. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. एस.टी.त ड्रायव्हर होते. ठरलेलं वाक्य, "एवढी वर्षं गाडी हाणली, एक पोर पडलं नाही." लेक दहा महिन्यांची असताना आम्ही तुळजापूरला निघालो. सीट मीच बांधलेली. गाडी नवी, गादी खराब होऊ नये म्हणून सासूबाईंनी (मी त्यांना आत्या म्हणते) चादर, आपली सोलापुरीच, चौघडी करून सीटखाली घातली. मऊ राहील म्हणून मीही बोलले नाही. तामलवाडीच्या अलीकडे शेळ्या आडव्या आल्या, ह्यांनी करकचून ब्रेक मारला आणि पोरीसकट सीट दाराकडे कलंडली. पोरीला काही झालं नाही, उलट हसायला लागली. पण अण्णांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. परतताना सीट डिकीत, पोर सासूबाईंच्या मांडीवर, आणि मी गप्प. ते गप्प बसणं अजून सलतंय.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसून मॅन्युअल वाचलं. चूक सीटची नव्हतीच. सीटखालची चादर दबली की बेल्टला तेवढा झोळ पडतो. त्यात आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा बेल्ट झटका बसला तरच अडकतो, एरवी ओढाल तसा सैल येतो. तो दाबून धरायला माझ्या सीटला बाजूला चाप आहे, आणि तो मी लावलाच नव्हता.

आता तुमचं डुगडुगणं. वरचं टोक धरून बघू नका, पाठमोऱ्या सीटचं ते थोडं हलतंच. बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवा. तिथे इंचभरापेक्षा जास्त सरकली तर सोडून परत बांधा. गुडघा सीटमध्ये रोवायचा, अंगाचा भार टाकायचा, आधी कमरेच्या पट्ट्याचा झोळ काढायचा, मग खांद्याच्या. पाठमोरीला बहुतेक सीटवर निळ्या खुणा असतात, बेल्ट तिथूनच घ्या; लाल खुणा पुढे तोंड करून बसवायच्या वेळच्या.

अण्णांना मी किराणाच्या कागदावर हिशोब करून दाखवला होता. गाडी ताशी ५० च्या वेगात, एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोचं पोर धरून ठेवायला साधारण १४० किलोचा जोर लागतो. म्हटलं, अण्णा, ज्वारीचं जवळजवळ दीड पोतं झालं, आत्यांच्या हातांना पेलेल का? त्यांनी कागद घडी घालून खिशात टाकला आणि चहा मागितला. कायदाही सांगितला, २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९४ बी, १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड. तर म्हणे, "सोलापुरात कोण धरतंय?"

हां, एक राहिलंच, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. पुढच्या सीटसमोर एअरबॅग चालू असेल तर पाठमोरी सीट तिथे कधीच नाही. मागे मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा असेल तर तुमची सीट त्यावर चालते का ते मॅन्युअलमध्ये बघा, बऱ्याच चालत नाहीत. माझा चाप तुमच्या सीटला असेलच असंही नाही.

ती चादर आता गाडी उन्हात लावली की सीटवर पांघरते. एप्रिलमध्ये बकल इतकं तापतं की पोरीच्या मांडीला चटका बसतो. अण्णा पुढेच बसतात, आणि स्वतःचा बेल्ट सात रस्त्याला पोलीस दिसला की लावतात.