साडेसहा टनाला 80 टनी क्रेन कशाला?

प्रश्न : सर, रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं केमिकल युनिट आहे. जुना ग्लासलाइन्ड (आतून काचेचा थर असलेला) रिअ‍ॅक्टर काढून नवीन बसवायचाय, नेमप्लेटवर वजन साडेसहा टन. तो शेडमध्ये मागच्या बाजूला पहिल्या मजल्यावर आहे, पत्रे काढून वरूनच काढावा लागणार. एक क्रेनवाला म्हणतो 80 टनी लागेल, दुसरा म्हणतो 25 टनीत होऊन जाईल, भाडंही बरंच कमी सांगतोय. पहिला आम्हाला येडा बनवतोय का?

उत्तर : नाही हो, उलट मला तर दुसऱ्याचीच भीती वाटतेय. क्रेनवर लिहिलेले टन हे बूम आखूड आणि माल अगदी जवळ, तीनएक मीटरवर असतानाचे असतात. भरलेली कळशी कमरेवर घेऊन कितीही चाला, तीच हात लांब करून धरून बघा, तसंच आहे हे. तुमची क्रेन गेटच्या बाजूला उभी राहणार आणि रिअ‍ॅक्टर मागे, म्हणजे क्रेनच्या मध्यापासून हुकापर्यंत 18 मीटर अंतर सहज झालं, आणि तिथे 80 टनी क्रेनचा आकडा दहा टनाच्या आसपास येतो, मॉडेल आणि काउंटरवेटप्रमाणे थोडा इकडेतिकडे. आता साडेसहा टनात हुक ब्लॉक, स्लिंग (माल ज्याने टांगतात तो दोर), शॅकल (जोडायची कडी), बीम धरा, झाले साडेसात-पावणेआठ. त्यामुळे टन विचारूच नका, दोघांकडून त्या मॉडेलचा लोड चार्ट, म्हणजे किती अंतरावर किती टन उचलते तो तक्ता, मागा आणि टेप घेऊन अंतर स्वतः मोजा. चार्टच्या 75-80 टक्क्यांच्या वर जायचं नाही असं बरेच जण पाळतात, तुम्हीपण पाळा.

आणि नेमप्लेटचं वजन रिकाम्या रिअ‍ॅक्टरचं. जुन्यात तळाला गाळ, जॅकेटमध्ये (बाहेरच्या पोकळ आवरणात) पाणी नाहीतर थर्मिक ऑइल असेल तर वजन वाढलंच समजा, म्हणून आधी पूर्ण रिकामा करून धुवून घ्या आणि तो भंगारवाल्याला देताना आत सॉल्व्हंटची वाफ नाही हे तपासल्याशिवाय गॅसकटर लावू देऊ नका, हे मी दोनदा सांगेन.

स्लिंगचा कोन पण बघा. दोन पायांची स्लिंग आडव्यापासून 60 अंशात असेल तर प्रत्येक पायावर पावणेचार टन येतात, 30 अंशावर गेली की प्रत्येकावर पूर्ण साडेसहा. शेडची उंची वाचवायला म्हणून स्लिंग आखूड घेतात ना, ते इथे अंगाशी येतं. नवीन रिअ‍ॅक्टर लिफ्टिंग लगनेच (उचलायला दिलेल्या कानांनीच) उचला, नोझलला (पाइप जोडायच्या तोंडाला) दोरी बांधायची नाही, कुठेही ठोकाठोक नाही, आतली काच एकदा उडाली की सगळा खर्च पाण्यात. बसवल्यावर स्पार्क टेस्ट (काचेला कुठे भोक-तडा नाही ना ते ठिणगीने बघायची) करून घ्याच.

क्रेनचे पाय कुठे टेकणार तेही आधी ठरवा. क्रेन फिरली की एकाच पायावर निम्म्याहून बराच जास्त भार येतो आणि आपल्याकडे कंपाउंडमध्ये गटाराची झाकणं, केबलचे ट्रेंच, खाडीकडे तर भरावाची जमीन, वरून पाऊस. जाड प्लेट किंवा लाकडी स्लीपर मोठ्या आकारात घाला. वरून विजेची लाइन जात असेल तर महावितरणकडून शटडाउन घ्या, अंदाजावर राहू नका.

माल गुजरातहून येत असेल तर घोडबंदर, माजिवडा, मुंब्रा बायपास, शिळफाटा, महापे असाच रस्ता पडतो. ठाण्यात जड गाड्यांना दिवसा ठराविक वेळी बंदी असते, चालू अधिसूचना बघून मगच क्रेनची तारीख पक्की करा, नाहीतर ट्रेलर शिळफाट्याला आणि क्रेनचं भाडं तुमच्या गेटवर चालू. पॅकिंगसकट रुंदी 2.6 मीटरच्या वर गेली तर ओडीसीची (ठरल्या मापापेक्षा मोठ्या मालाची) परवानगी लागते, ती ट्रान्सपोर्टवाल्याने काढलीय का ते कागद बघून खात्री करा.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये आमच्या गाळ्यात तीन टनाचा कंप्रेसर बदलायचाय. हायड्राने (माल उचलून चालणाऱ्या छोट्या क्रेनने) गेटपासून उचलून आत नेला तर चालेल का?

उत्तर : उतरवायला हायड्रा ठीक आहे, पण लोड घेऊन वळताना तिची ताकद कमी होते आणि आपल्याकडे दोन पोरं माल हाताने धरून पुढे चालत असतात, तेच सगळ्यात वाईट. गेटवरच उतरवा, मग जॅक लावून रोलर स्केटवर (चाकांच्या बुटक्या गाड्यांवर) घ्या आणि चेनकप्पीने ओढत न्या, चांगला खलाशी मुकादम (जड माल हलवणाऱ्यांचा म्होरक्या) असेल तर अर्ध्या दिवसाचं काम. लादी कच्ची असेल तर खाली लोखंडी प्लेट टाका. हायड्राचं वर्षाच्या आतलं टेस्ट सर्टिफिकेट आणि ड्रायव्हरचं लायसन्स गेटवरच बघायचं, आत आल्यावर नाही.