वृषाली माझी सवत होती

प्रश्न: माझं वय २६, लग्नाला दोन वर्षं झाली. एका जपानी ॲनिमेतल्या, म्हणजे कार्टून मालिकेतल्या, पात्रावर माझं अक्षरशः प्रेम बसलं आहे. मालिकेत त्याला प्रेयसी मिळाली त्या रात्री मला जेवण गेलं नाही. फॅन ग्रुपमध्ये दुसरी कुणी त्याला 'माझा' म्हणाली की डोकं फिरतं. मी वेडी आहे का? नवऱ्याला सांगू का?

उत्तर:

तुम्ही वेड्या असाल तर मी त्या वॉर्डात तुमच्या तीस वर्षं आधीपासून भरती आहे. शेजारची खाट रिकामी आहे, या.

१९९६ साल. दहावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. बाबांच्या कार्डावर गावच्या वाचनालयातून 'मृत्युंजय' आणली. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ची, म्हणजे माझ्या हाती आली तेव्हाच तिशीला टेकलेली. त्यातून लायब्ररीची प्रत: जाड पुठ्ठ्याचं बाइंडिंग, मागे तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी, पानांचे कोपरे बोटं लागून लागून काळे पडलेले. तीन दिवस मी ताटावर बसूनही वाचत होते. चौथ्या दिवशी आईने कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. कर्ण होता.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. ही कादंबरी सहा जण आपापल्या तोंडून सांगतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी कृष्ण. कर्ण 'मी, मी' करत मनातलं सांगायला लागला की सोळा वर्षांच्या पोरीला वाटतं, हा माझ्याशीच बोलतोय, एवढं याने दुसऱ्या कुणाला कशाला सांगितलं असेल! आणि मग पान उलटावं तर 'मी' म्हणत वृषाली उभी. त्याची बायको. आता तिच्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघायचं, तिच्या तोंडून त्याचं कौतुक ऐकायचं. सवतीच्या मांडीवर बसून नवऱ्याचं लग्न बघण्यातला प्रकार. पहिल्या वाचनात मी तिचा भाग भराभरा उलटला. शोणाचा मात्र चवीने वाचला, धाकटा दीर म्हणून. (दीर! बघा, मनातल्या मनात नातंसुद्धा लावून झालं होतं.)

त्याच प्रतीत एका पानाच्या समासात निळ्या बॉलपेनने लिहिलेलं होतं, 'माझा कर्ण'. खाली बदाम. अक्षर गोल गोल, मुलीचंच. मी खोडरबराला थुंकी लावून घासायला बसले. शाई पसरली, कागद विरला, पलीकडच्या पानावरची अक्षरं दिसायला लागली, पण 'माझा' काही जाईना. मग मागच्या चिठ्ठीवरचे शिक्के बघत बसले, की माझ्या आधी हे पुस्तक कोणी कोणी नेलं असेल. चिठ्ठीवर नुसत्या तारखा, नावं नाहीत. पुढे महिनाभर गिरणीत दळणाच्या रांगेत उभी राहिले की माझ्याहून थोड्या मोठ्या मुलींकडे संशयाने बघायची. ही असेल का?

तेव्हा ग्रुपमधल्या त्या बाईवरचा तुमचा राग मला कळतो. जपानी चाहत्यांमध्ये या रागाला चक्क नाव आहे, 'दोतान क्योही'. 'ज्याच्यावर माझा जीव त्याच्यावरच तुझा असेल तर आपलं जमायचं नाही', असा त्याचा रोखठोक अर्थ. लोक प्रोफाइलवर आधीच तसं लिहून ठेवतात, उगाच वाद नको म्हणून. मला हे फार प्रामाणिक वाटतं. निदान खोडरबरापेक्षा बरं.

आणि प्रेमाचं म्हणाल तर न भेटलेल्या माणसावर जीव जडणं ही मोबाइलच्या जमान्याची देणगी नाही. आपल्या साहित्यशास्त्रात त्याला 'पूर्वराग' म्हणतात. नुसतं ऐकून, चित्रात बघून किंवा स्वप्नात दिसूनही तो होतो, असं 'साहित्यदर्पणा'त विश्वनाथाने सरळ नोंदवून ठेवलंय. दमयंतीने नळाबद्दल हंसाकडून ऐकलं तेवढ्यावर तिचं काम झालं. उषेने तर अनिरुद्धाला स्वप्नातच पाहिलं. सकाळी तिची सखी चित्रलेखा एकेकाचं चित्र काढून विचारतेय, हा का, हा का, आणि उषा माना हलवतेय. तुमचा ॲनिमेवाला आणि उषेचं ते चित्र यात मला फारसा फरक दिसत नाही. एकच आहे: अनिरुद्ध द्वारकेत खराखुरा झोपलेला होता आणि चित्रलेखेने त्याला उचलून आणला. आपल्याकडे चित्रलेखा नाही.

आता मत्सराकडे येते, कारण तुमचं खरं दुखणं ते आहे.

पुढे कॉलेजसाठी पुण्याला आले आणि इरावती कर्वे यांचं महाभारतातल्या व्यक्तींवरचं 'युगान्त' हाती पडलं. गंमत म्हणजे तेही १९६७चंच. त्यातला कर्ण वाचून माझं डोकं फिरलं. भर सभेत द्रौपदीला 'बंधकी', म्हणजे कुलटा, म्हणणारा, तिची वस्त्रं काढून घ्यायला सांगणारा कर्णच, हे सभापर्वात सरळ लिहिलेलं आहे. पण मला राग कर्णाचा आला नाही, इरावतीबाईंचा आला. शेजारच्या काकूंनी दारात येऊन आपल्या नवऱ्याच्या चहाड्या सांगाव्यात तसं वाटलं. मग त्यांना खोटं पाडायचं म्हणून मूळ महाभारत धुंडाळायला घेतलं. भांडारकर संस्थेने १९१९पासून १९६६पर्यंत खपून, हजारावर हस्तलिखितं ताडून चिकित्सित आवृत्ती काढली आहे. तिच्या आधारे बघायला लागले.

इरावतीबाई खोट्या पडल्या नाहीत. माझ्या सवती मात्र एकेक करून पडल्या.

पहिली द्रौपदी. 'सूतपुत्राला वरणार नाही' म्हणून तिने माझ्या कर्णाचा भर स्वयंवरात अपमान केला, म्हणून मी तिच्यावर दात धरून होते. नको होता तर नको, पण एवढं बोलायचं काय कारण, असा सगळा थाट. तर तो नकार त्या आवृत्तीच्या मूळ संहितेत नाहीच, मागाहून घुसलेला म्हणून बाजूला काढलाय. दुसरी वृषाली. व्यासांच्या भारतात कर्णाच्या बायकोचं हे नावच येत नाही. म्हणजे मी चार वर्षं जिच्यावर जळले तिला सावंतांनी माझ्या जन्माच्या बारा-तेरा वर्षं आधी कागदावर जन्माला घातलं होतं.

हायसं वाटायला हवं होतं की नाही? तेवढ्यात उद्योगपर्व आलं. कृष्ण कर्णाला फोडायला येतो तेव्हा कर्ण त्याला सांगतो: अधिरथाने माझी लग्नं लावून दिली, मला मुलं-नातवंडं झाली, माझं मन त्या बायकांत गुंतलेलं आहे. त्या बायका, अनेकवचन. नाव एकीचंही नाही. एक वृषाली गेली आणि घरभर बिननावाच्या सवती आल्या, आणि 'मन गुंतलंय' हे तर आता खुद्द त्याच्या तोंडून. रूममेट बिचारी विचारत होती की रडतेस कशाला, परीक्षेत नापास झालीस का.

त्या रात्री मला एक गोष्ट कळली. वृषालीकडे रूप होतं, तिचं लग्न झालं होतं, यातल्या कशाचंच मला वावडं नव्हतं. तो तिला ओळखत होता, हे मला सहन होत नव्हतं. मी त्याला पानापानाने ओळखत होते आणि मी या जगात आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, होणारही नव्हतं. खऱ्या माणसाच्या बाबतीत जळण्यात एक आशा असते, आज ना उद्या तो मान वळवून बघेल. इथे मान वळतच नाही. मग सगळी आग त्या बाजूच्या बाईवर निघते, कारण ती तरी त्याच पानावर आहे.

मान वळावी म्हणून माणसं काय काय करतात! अकिहिको कोंडो नावाच्या जपानी गृहस्थांनी २०१८मध्ये टोकियोत हात्सुने मिकू या गाणाऱ्या आभासी मुलीशी लग्न केलं. कायदा ते मानत नाही. पण त्यांच्याकडे काचेच्या नळीत तिची आकृती दाखवणारं एक यंत्र होतं आणि त्यातून ती त्यांच्याशी बोलायची. २०२०मध्ये ती सेवा बंद झाली आणि बोलणं थांबलं. तरीही त्यांनी तिला सोडलं नाही. लोक हसले. मला त्यांच्यावर हसता आलं नाही.

काळजी कधी करायची? जेवण एका रात्रीऐवजी आठवडाभर गेलं नाही, झोप उडाली, कामावर दांड्या पडू लागल्या, त्याच्या नावाने वस्तू घेऊन क्रेडिट कार्ड फुगलं, तर एखाद्या समुपदेशकाशी बोला, लाजू नका. किंवा नवरा घरात शिरला की 'तो असता तर असा वागला नसता' हे रोज मनात यायला लागलं, तर. बाकी चालू द्या.

नवऱ्याला सांगण्याबद्दल तर आपल्या लोककथेनेच निकाल देऊन ठेवलाय. शाहीर विठ्ठल उमपांनी गाजवलेलं जांभूळ आख्यान ऐकलंय का? झाडावरचं जांभूळ खाली पडतं, आणि सगळ्यांनी मनातलं खरं सांगितलं तरच ते परत देठाला लागणार. पाच नवऱ्यांसमोर द्रौपदीला कबूल करावं लागतं, की कर्णाला बघून माझं मन त्याच्याकडे गेलं. तेव्हा कुठे जांभूळ वर जातं. (हो, इथेही कर्णच. आणि तरी लोक मला विचारतात की त्याच्यात एवढं काय होतं.)

मी सांगितलं. लग्नानंतर सहा महिन्यांनी, लाइट गेली असताना, गच्चीत. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाले, "हात्तिच्या, एवढंच ना? मला अकरावीत 'ययाति'तली शर्मिष्ठा आवडायची. अजून आवडते."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. अजून आवडते म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी हे ऑफिसला गेल्यावर मी कपाटातून खांडेकर काढले आणि उभ्या उभ्या शर्मिष्ठेचा भाग तेवढा वाचला. तीही 'मी' म्हणूनच बोलते. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कळलं नाही, डाळ खाली लागली.

चांगली आहे हो ती. हाच तर त्रास आहे.