सातबाऱ्यावर नाव आहे, पण बांध कुठे आहे?

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची वडिलोपार्जित ४८ गुंठे जमीन आहे. शेजारी बांध कोरत आला. नऊ वर्षांत चार गुंठे त्याच्या द्राक्षबागेत गेले. सरकारी मोजणीत अतिक्रमण निघाले, तो मानत नाही. सातबारा माझ्या नावावर आहे, मग दावा जिंकेन ना?

उत्तर : नुसत्या सातबाऱ्यावर भिस्त ठेवू नका. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, पण सातबारा हा काही मालकीचा दस्त नव्हे. शिवाय तुमचे ४८ गुंठे नेमके कुठून सुरू होतात, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते. तुमच्या वादात शेजारी मालकी नाकारतच नाही, तो हद्द नाकारतो. म्हणून वाटणीपत्र, वारसाचे जुने फेरफार आणि एकत्रीकरणात (विखुरलेले तुकडे जोडण्याच्या सरकारी योजनेत) गट पडला तेव्हाचा उतारा काढाच. पण खरा जोर भूमी अभिलेख कार्यालयातल्या टिपण (मूळ मोजणीचे मापांसह रेखाटन), गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशेब) आणि गट नकाशाच्या नकलांवर द्या. मोजणी याच कागदांवरून ताडली जाते.

मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दींचा नकाशा, हाती असेल तर चांगलेच. मात्र नकाशा नुसता दाखल करून भागत नाही. मोजणी करणाऱ्या भूकरमापकाची साक्ष घ्यावी लागते. शेजाऱ्याचा वकील त्याला पहिला प्रश्न विचारेल तो नोटिशीचा, म्हणून लगतधारकांना (लागून जमीन असलेल्यांना) मोजणीची नोटीस बजावल्याची पोच आताच मिळवा. शेजाऱ्याला मोजणी पटत नसेल, तर निमताना मोजणीचा (वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणीचा) मार्ग त्यालाही मोकळा आहे. तो अर्ज करत नाही, एवढेही कोर्टाला दिसू द्या. (मोबाइलवर हद्द दाखवणारे ॲप मात्र कोर्टात काढू नका.)

दिवाणी दाव्यात फक्त मनाई (शेजाऱ्याला रोखणारा हुकूम) मागण्याची चूक बरेच जण करतात. चार गुंठ्यांचा ताबा आज त्याच्याकडे आहे, तेव्हा ताबा परत मागा आणि त्याला जोडून कायमची मनाई. अतिक्रमित तुकड्याच्या चतुःसीमा दाव्यात लिहा, नकाशा जोडा. गरज पडली तर कोर्ट कमिशनर नेमून पुन्हा मोजणी मागता येते.

ताबा परत मागण्याच्या दाव्याची मुदत १२ वर्षांची. नुसती वर्षे भरली म्हणून प्रतिकूल ताबा (दीर्घ ताब्याच्या जोरावर मालकी सांगणे) सिद्ध होत नाही हे खरे, पण तो वाद ओढवून का घ्यायचा? तुमची नऊ गेली आहेत. ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी दावा आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज दाखल करा, म्हणजे नवा मांडव तुमच्या हद्दीत उभा राहण्याआधी कोर्टाला तो थांबवता येईल.