टर्मिनलवरून मराठी फायलींचे शुद्धलेखन कसे तपासावे?

आपण विचारले आहे की, दिवाळी अंकासाठी आलेले शे-दीडशे लेख साध्या मजकुराच्या फायलींत आहेत, संगणकावर लिनक्स आहे, आणि प्रत्येक फाइल उघडून लाल रेघा पाहत बसण्याऐवजी टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टंकून, सर्वांचे शुद्धलेखन एकदम तपासता येईल का. येत असेल तर ॲस्पेल वापरावे की हनस्पेल, या शुद्धलेखन तपासणाऱ्या दोन साधनांपैकी कोणते. मी पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका लहान नियतकालिकासाठी मुद्रितशोधन करतो आणि हे काम याच साधनांनी करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मराठीसाठी हनस्पेल घ्यावे. ते मुळात हंगेरियन भाषेसाठी घडवले गेले, आणि त्या भाषेतही शब्दाला एकामागून एक प्रत्यय लागत जातात. त्यामुळे प्रत्येक रूप कोशात साठवण्याऐवजी मूळ शब्द एका फायलीत आणि प्रत्ययांचे नियम दुसऱ्या फायलीत ठेवण्याची सोय त्यात आहे. लेखांमध्ये इंग्रजी उतारे असतील तर स्वल्पविरामाने जोडून दोन्ही भाषांचे कोश एकाच वेळी देता येतात. फेडोरा या लिनक्सच्या प्रकारावर मराठी कोश तयार पॅकेज म्हणून मिळतो. अन्यत्र त्या दोन फायली एका फोल्डरात ठेवून त्याचा पत्ता डिकपाथ या चलात द्यावा. मोठ्या लिपीतला डी हा पर्याय दिला की हनस्पेलला कोणते कोश सापडले ते दिसते, आणि ते आधी पाहून घेतलेले बरे.

आता मुख्य मुद्दा. ही साधने चुकीच्या शब्दापाशी थांबून पर्याय सुचवू शकतात, पण शंभर फायलींसाठी ती पद्धत वापरू नये. छोट्या लिपीतला एल हा पर्याय दिल्यास हनस्पेल केवळ अनोळखी शब्द छापते. सर्व फायली कॅट या आज्ञेने एकत्र करून त्यात सोडाव्यात, निघालेले शब्द सॉर्ट या आज्ञेने क्रमाने लावावेत, पुनरुक्ती काढणाऱ्या युनिक या आज्ञेच्या सी या पर्यायाने मोजावेत आणि संख्येनुसार उतरत्या क्रमाने पुन्हा सॉर्ट करावेत, म्हणजे अख्ख्या अंकाची एकच यादी हाती येते. ही युक्ती नवी नाही. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेत स्टीव्ह जॉन्सन यांनी १९७५ साली युनिक्स या संगणक-प्रणालीसाठी पहिला स्पेल हा शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम लिहिला, तो असाच होता: मजकुराचे शब्द सुटे करायचे, क्रमाने लावायचे, पुनरुक्ती काढायची आणि उरलेले कोशाशी ताडून पाहायचे. पुढे डग मॅकिलरॉय यांनी तो सुधारला, तरी शेवटचा निर्णय यादी वाचणाऱ्या माणसाचाच राहिला, आणि मला ते योग्य वाटते.

मात्र यादी काढण्यापूर्वी मजकूर एकसारखा करून घ्यावा, कारण मराठीत डोळ्यांना एकच दिसणारा शब्द संगणकाच्या लेखी दोन निरनिराळे शब्द असू शकतो. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र कोणी युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीतल्या स्वतंत्र ऱ या अक्षराने लिहितो, तर कोणी साध्या र-ला हलन्त आणि त्यामागे अदृश्य जोडचिन्ह देऊन. ‘ॲ’चेही तसेच आहे: युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत २००८ साली त्याला स्वतंत्र जागा मिळाली, पण अ-वर चंद्र देऊन तो उमटवण्याची सवय अजून गेलेली नाही. एनएफसी हे युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण या जोड्या एक करत नाही, म्हणून मजकुरात बदल करणाऱ्या सेड या आज्ञेच्या दोन-तीन ओळी लिहून आपणच एक रूप ठरवावे लागते. याहूनही सर्रास आढळणारा प्रकार म्हणजे ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘स्वतः’ या शब्दांत विसर्गाच्या जागी टंकलेला अपूर्णविराम (:). त्याने शब्दाचे तुकडे पडतात आणि यादी निरर्थक अवशेषांनी भरते. देवनागरी अक्षराला चिकटून आलेले अपूर्णविराम ग्रेप या शोधण्याच्या आज्ञेने शोधावेत, पण ते सरसकट बदलू नयेत, कारण ‘उदा.’नंतरचे किंवा संवादातील नावापुढचे चिन्ह खरोखरच अपूर्णविराम असते. कोणी लेखकाने पुण्यातच तयार झालेल्या श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या जुन्या टंकात लेख पाठवला असेल, तर तो युनिकोडमध्ये आणल्याशिवाय यातले काहीच करता येत नाही.

शब्द स्वतः सुटे करण्याचा विचार असेल तर एक सावधगिरी बाळगावी. लिनक्सवरचा टीआर, म्हणजे एका चिन्हाच्या जागी दुसरे घालणारी आज्ञा, बाइटगणिक काम करतो आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचे असते. त्यामुळे रिकाम्या जागेच्या ठिकाणी नवी ओळ घालण्यापुरताच त्याचा उपयोग करावा. ग्रेपला केवळ ‘अक्षर’ हा वर्ग मागितला तर वेलांट्या आणि उकार गळून पडतात, कारण युनिकोडमध्ये ती चिन्हे वेगळ्या वर्गात मोडतात.

यादी हाती आली की ती दोन प्रकारे वाचावी. संख्येनुसार लावलेल्या यादीत तळाशी, म्हणजे एकदाच आलेल्या शब्दांत, हात घसरून झालेल्या चुका बहुतेक सापडतात. वरच्या भागात माणसांची आणि पेठांची नावे असतात, पण तो भाग डोळे झाकून सोडू नये, कारण एखाद्या लेखकाला ‘आणी’ लिहिण्याची सवय असेल तर ते रूप वरच जाऊन बसते. दुसऱ्या वेळी यादी वर्णक्रमाने लावावी, म्हणजे ‘कोथरूड’ आणि ‘कोथरुड’ शेजारी शेजारी येतात आणि अंकात एकच रूप ठेवायचे हे लक्षात येते.

खोट्या तक्रारीही पुष्कळ येतील. आपल्याकडे ‘वकील’ दीर्घ, पण ‘वकिलाला’ ऱ्हस्व. ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ ऱ्हस्व. आणि ‘शरीर’ तत्सम असल्यामुळे ‘शरीराला’ दीर्घच. कोश करणाऱ्याने प्रत्येक शब्द योग्य गटात टाकला असेल तरच हे जुळते, आणि ‘समोरच्यांनाही’सारख्या प्रत्ययांच्या माळेपुढे तर नियमांची फाइल बऱ्याचदा हात टेकते. जुन्या लेखांचे पुनर्मुद्रण असेल तर त्या फायली वेगळ्या काढाव्यात. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली लागू होण्यापूर्वीचे ‘नांव’ आणि ‘कांहीं’ त्या यादीत गर्दी करतील, आणि ते सुधारायचे की नाही हा निर्णय संपादकांचा आहे.

बरोबर ठरलेले शब्द एका साध्या फायलीत ओळीला एक असे लिहून पी या पर्यायाने हनस्पेलला द्यावेत. या वैयक्तिक कोशात दोन सोयी आहेत आणि त्या फारसे कोणी वापरत नाही. नव्या शब्दापुढे तिरकी रेघ देऊन कोशातला एखादा ओळखीचा शब्द लिहिला, तर नव्या शब्दाला त्याचेच प्रत्यय लागू होतात. त्यामुळे ‘हडपसर’ एकदा नोंदवला की ‘हडपसरला’ आणि ‘हडपसरचा’ स्वतंत्रपणे लिहावे लागत नाहीत, फक्त नमुन्याचा शब्द विचार करून निवडावा. आणि शब्दापूर्वी तारांकन दिले तर तो शब्द निषिद्ध ठरतो. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ या जोड्यांतले दोन्ही शब्द खरे असल्यामुळे त्यांची अदलाबदल कोणताही कोश पकडत नाही. पण ‘पाणि’सारखा, आपल्या अंकात हात या अर्थाने येण्याची शक्यताच नसलेला शब्द निषिद्ध करून ठेवला की पाण्याविषयीच्या लेखातली चूक यादीत येते.

चूक कोणत्या फायलीत, कोणत्या ओळीवर आहे ते ग्रेपच्या एन या पर्यायाने कळते. दुरुस्ती मात्र त्या त्या फायलीत जाऊन हातानेच करावी. सर्व फायलींवर सेड चालवून ‘पाणि’चे ‘पाणी’ केले, तर पाण्याबरोबर व्याकरणावरच्या लेखातला पाणिनीही ‘पाणीनी’ होऊन छापखान्यात जातो.