पॉइंटर हा शिकारी कुत्रा पक्षी सापडल्यावर झडप का घालत नाही?

कारण झेप घेण्याआधी शिकारी प्राणी क्षणभर थबकतो, आणि माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून पॉइंटरसारख्या जातींत तीच थबक लांबवली आहे. त्यामुळे पिल्लूही बहुतेकदा न शिकवता पॉइंट धरतं, म्हणजे पक्ष्याच्या दिशेने रोखून स्तब्ध उभं राहतं. शिकवावं लागतं ते पक्षी उडाल्यावरही जागचं न हलणं.

अमेरिकेतल्या साउथ डकोटात ऑक्टोबरमध्ये फेझंट या कोंबडीसारख्या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. कुत्रा वाऱ्याच्या तोंडाला नागमोडी धावत गवत पिंजून काढतो. वास लागला की जागीच गोठतो: मान ताणलेली, शेपूट ताठ, कधी एक पाय अधांतरी. मग शिकारी पुढे जाऊन पक्षी उठवतो. पण फेझंट लबाड. उडण्याऐवजी गवतातून पळत सुटतो. कुत्रा हळूच पुढे सरकतो, पुन्हा थांबतो. तुम्हाला काहीच दिसत नसलं तरी अशा वेळी त्याला हाक मारून मागे बोलावू नका, नाक त्याचं आहे. सोबतचा दुसरा कुत्रा तर वास न येताही, नुसतं पहिल्याला पाहून थांबतो. मला यातलं सगळ्यांत देखणं दृश्य तेच वाटतं.

भारतात तितर-लाव्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. इथे पॉइंटर पाळलात तर त्याला रोज मोकळं धावू द्या.