स्टुडिओच्या सॉफ्टवेअरचा डेमो मालकाने नाही, काउंटरवरच्या मुलीने बघायचा असतो

तुम्ही लिहिलंय: बडोद्यात वासणा रोडला योग आणि झुंबाचा स्टुडिओ आहे, साधारण ९० मेंबर, सकाळी तीन बॅच, संध्याकाळी दोन. काउंटरवरची मुलगी नवीन आहे, तिला फारसं कळत नाही, म्हणून सगळं आपोआप करणारं सॉफ्टवेअर हवंय. मेंबरसाठी ॲप असावं आणि फुकटातलं मिळालं तर उत्तम.

‘तिला फारसं कळत नाही’ हे वाचलं आणि लिहायला बसले. मी बडोद्यातल्या तीन स्टुडिओंचं बिलिंग आणि हजेरी बघते. सगळीकडे डेमो मालक बघतात, पैसे मालक भरतात आणि ते चालवायचं मात्र काउंटरवरच्या मुलीने. सकाळी सहा पंचावन्नला तिच्यासमोर सहा जणी मॅट घेऊन उभ्या असतात. एकीला रिन्यू करायचंय, एकीची मागची ८०० रुपये बाकी आहे, एकीने नणंदेला ट्रायलला आणलंय. ही पाच मिनिटं ज्या सॉफ्टवेअरला झेपत नाहीत ते घेऊ नका, बाकी त्यात काहीही असो.

पहिली गोष्ट, ते बॅचवर चालतं की स्लॉटवर ते विचारा. परदेशी सॉफ्टवेअर बहुतेक स्लॉट धरून बनवलेली असतात: मेंबरने प्रत्येक क्लास बुक करायचा, जागा भरल्या की वेटिंग. आपल्याकडे सातच्या बॅचचे तीन महिन्यांचे पैसे भरले की रोजची जागा तिचीच. अशा ठिकाणी स्लॉटवालं आणलं की मेंबर चार दिवस बुकिंग करतात, मग कंटाळतात, आणि रात्री ती मुलगी बसून सगळ्यांचं बुकिंग टाकते. तुमच्या ९० जणांना ॲप लागत नाही. ज्यांच्याकडे साधनंच मोजकी आहेत, म्हणजे पिलाटेजचे रिफॉर्मर किंवा एरियल योगाचे झोके, त्यांना लागतं.

दुसरी गोष्ट, तीन महिने म्हणजे ९० दिवस की तारखेला तारीख? १ ऑगस्टला भरलेले तीन महिने ३१ ऑक्टोबरला संपतात, ते ९२ दिवस होतात. सॉफ्टवेअर ९० धरत असेल तर २९ ऑक्टोबरलाच दार बंद. वर्षाच्या प्लॅनला १२ गुणिले ३० धरलं तर पाच दिवस जातात, आणि त्या पाच दिवसांचं भांडण काउंटरवर होतं, मालकाच्या केबिनमध्ये नाही.

आता फ्रीझ, म्हणजे मेंबरशिप काही दिवस थांबवून ते दिवस शेवटी वाढवून देणं. बडोद्यात सॉफ्टवेअरची खरी परीक्षा नवरात्रात होते. आधी दोन महिने गरब्यासाठी वजन उतरवायला गर्दी, आणि घट बसले की सकाळची बॅच रिकामी. गरबा आटोपून रात्री एक-दीडला झोपलेली बाई सहाला सूर्यनमस्काराला येत नाही, ती दिवस पुढे ढकलून मागते. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला आणि दसरा २ ऑक्टोबरला होता, तिथी वाढल्यामुळे नवरात्र दहा दिवसांचं झालं. एका स्टुडिओत सॉफ्टवेअर नुकतंच बसवलं होतं आणि प्लॅनमध्ये ‘फ्रीझ जास्तीत जास्त ९ दिवस, एकदाच’ असं भरून ठेवलेलं. दहावा दिवस ते घेईना. वेगळा एक दिवसाचा फ्रीझ टाकावा तर दुसऱ्यांदा परवानगी नाही. मग काउंटरवरच्या मुलीने चाळीसेक जणींची शेवटची तारीख हाताने बदलली, ३१ ऑक्टोबरची १० नोव्हेंबर केली. पडद्यावर बरोबर दिसायला लागलं.

पण त्या सॉफ्टवेअरमध्ये तारीख तीन जागी होती. मेंबरच्या पानावर एक, पावतीवर एक, आणि दारावरच्या चेहरा ओळखणाऱ्या मशीनमध्ये तिसरी. आठवणीचा मेसेज पावतीवरच्या तारखेने जायचा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, सगळ्यांना एकदम मेसेज गेला: तुमची मेंबरशिप ३१ तारखेला संपत आहे. संध्याकाळी काउंटरवर रांग. ‘बेन, मारा दस दिवस क्यां गया?’ (ताई, माझे दहा दिवस कुठे गेले?) आणि १ नोव्हेंबरला मशीनने त्याच बायकांना दारात अडवलं, कारण मशीनला कोणी नवी तारीख पाठवलीच नव्हती. बोलणी कोणी खाल्ली ते सांगायला नको. चूक तिची नव्हती. फ्रीझची मर्यादा मालकांनी डेमोच्या दिवशी भरली होती आणि तारीख तीन जागी ठेवायचं कंपनीने ठरवलं होतं.

म्हणून डेमोमध्ये हे करून बघा, नुसतं विचारू नका. १ ऑगस्टपासूनचा तीन महिन्यांचा प्लॅन विका, दहा दिवस फ्रीझ करा आणि तीन जागा तपासा: मेंबरचं पान, पुढच्या मेसेजची तारीख, दारावरचं मशीन. मग तिला तीन दिवस आधी परत आणा. राहिलेले तीन दिवस फ्रीझच्या खात्यात परत आले पाहिजेत आणि शेवटची तारीख १० वरून ७ नोव्हेंबर झाली पाहिजे. दहा क्लासचं पॅक असेल तर मुदत पुढे जावी, क्लास तेवढेच राहावेत. महिन्याला यूपीआय ऑटोपेने पैसे कापून घेणार असाल तर फ्रीझ झाल्यावर तो महिना आपोआप थांबतो का तेही बघा. बहुतेकदा थांबत नाही. पैसे कापायच्या २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते, तिच्या आधीच तो हप्ता थांबवावा लागतो.

त्याच २२ सप्टेंबरला जिम आणि योगाचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण इनपुट क्रेडिट न घेता, म्हणजे खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करता येत नाही. ज्यांनी प्लॅनमधला दर बदलला त्यांच्यापैकी काहींच्या जुलैच्या पावत्याही पुन्हा छापल्यावर ५ टक्के दाखवायला लागल्या. डेमोमध्ये दर बदला आणि जुनी पावती छापून बघा. ती बदलली तर सॉफ्टवेअर तिथेच सोडा. आणि १०,५०० घेतले तर १०,००० फी, २५० केंद्राचा आणि २५० राज्याचा कर, अशी आतून फोड त्याला करता यायला हवी. कारण बाई कबूल केलेले १०,५०० देणार, वर कर देणार नाही.

किमतीचा हिशोबही यातूनच येतो. क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरवरचे १८ टक्के तुमच्याच खिशातून जातात. १२,००० चं सॉफ्टवेअर १४,१६० ला पडतं. जीएसटी नोंदणी नसेल तरी तेच.

‘व्हॉट्सॲप अनलिमिटेड फ्री’ असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. अधिकृत मार्गाने पाठवलेल्या बिझनेस मेसेजला मेसेजमागे पैसे लागतात, आणि जाहिरातीचा मेसेज पावती-आठवणीच्या मेसेजपेक्षा महाग असतो. फुकट म्हणजे तुमच्याच नंबरचं व्हॉट्सॲप वेब मागून चालवणं. एका झटक्यात शेकडो मेसेज गेले की नंबर बंद होतो, आणि तोच नंबर तुमच्या बोर्डावर रंगवलेला असतो. एसएमएस हवा असेल तर डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकूर आधी नोंदवावे लागतात, त्यात दिवस जातात.

हजेरीला बोटाचं मशीन नको. घामाने आणि भांडी घासून झिजलेल्या बोटांनी ते रोज अडतं. चेहऱ्याचं घ्या, पण लाईट गेली की दार उघडं राहणारं कुलूप बसवा, आणि मशीन, राउटर व कुलूप तिन्ही एकाच यूपीएसवर ठेवा. चेहरा साठवायचा म्हणजे सही घेऊन परवानगी घ्यायची, फॉर्मवर एक ओळ वाढवा.

फुकटातलं? ९० जणांपर्यंत गूगल शीट चालतं, मी चालवते. नाव, फोन, सुरुवात, महिने, फ्रीझचे दिवस, भरले, बाकी, शेवट. शेवटच्या रकान्यात ईडेटचा (EDATE) फॉर्म्युला टाका: सुरुवातीत महिने मिळवा, एक दिवस वजा करा, फ्रीझचे दिवस मिळवा. १ ऑगस्ट, ३ महिने, १० दिवस टाकले की १० नोव्हेंबर यायला हवं. हे शीट दोन महिने नीट ठेवलंत तर सॉफ्टवेअरमध्ये चढवायला माहितीही तयार होते. चढवताना दोन गोष्टी बिघडतात. ९१ लावलेला फोन नंबर एक्सेलमध्ये ९.१९ई+११ असा होतो आणि शेवटचे आकडे जातात, म्हणून तो रकाना आधीच टेक्स्ट करा. आणि महिना आधी धरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ०४/०७ म्हणजे ७ एप्रिल होतो. १२ पेक्षा मोठा दिवस असलेल्या तारखा चुकत नाहीत, त्या नुसत्या मजकूर म्हणून पडून राहतात, त्यामुळे अर्ध्या याद्या बरोबर दिसतात आणि चूक महिन्याने सापडते.

बाहेर पडायची वाटही आजच विचारा. बंद केलं तर मेंबर, पावत्या आणि बाकी तिन्हींची फाईल मिळते का? फक्त मेंबरची मिळते म्हणाले तर नको.

आता निवड कोणी करायची. तुमच्या वहीतली पाच नावं काढा: एक बाकीवाली, एक फ्रीझवाली, एक बॅच बदललेली, एक सोडून परत आलेली आणि एका नंबरवर नोंदवलेल्या दोघी बहिणी. कंपनीच्या माणसाला गप्प बसवा आणि त्या मुलीला या पाच जणींचं काम करायला सांगा. रिन्यूपासून पावतीपर्यंत मिनिटाच्या आत ती पोचली नाही तर दोष सॉफ्टवेअरचा. नवीन असली तरी तुमच्या ९० मेंबरना रोज काउंटरवर भेटणारी तीच आहे.

जीएसटीबद्दल एक राहिलं. महिना १,५०० धरले तर ९० जणांचे वर्षाचे १६ लाख २० हजार होतात, म्हणजे २० लाखांच्या आत, नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नसेल तर पावतीवर जीएसटी छापूच नका, कितीही आपोआप येत असला तरी. पण त्याच पॅनवर दुसरा धंदा असेल तर दोन्ही मिळून मोजतात, ते सीएला विचारा. दर बदलताना अर्धे पैसे आधी आणि अर्धे नंतर आलेल्या पावत्यांचंही त्यालाच विचारा.

आणि काहीही घेतलंत तरी तिला तिचं स्वतःचं लॉगिन द्या, मालकाचा पासवर्ड नको. पावती पुसता येऊ नये, फक्त कारण लिहून रद्द करता यावी, आणि रद्द कोणी केली ते दिसावं. रात्री गल्ला मोजताना ५०० कमी निघाले तर नुसतं तिच्याकडे बघण्याऐवजी ते कुठल्या पावतीवर गेले ते तुम्हा दोघांना एकाच पडद्यावर बघता येईल.